विमान वावरात उतरतं तेव्हा

चिंचणी, ता. डहाणू, जि. पालघर
नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री,
नवी दिल्ली



25 जुलै 2022 रोजी आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक लहान विमान कोसळलं. बारामतीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं, सेसना 152 जातीचं. आत 22 वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच होती. किरकोळ जखमांवर निभावलं. मदतीला पहिले धावले ते आसपासचे गावकरी. राज्यात गेल्या काही वर्षांत शेतात, माळावर, डोंगराच्या पायथ्याशी अशी जी छोटी विमानं खाली आली, त्यांच्यापाशी आधी पोहोचला तो बहुतेक वेळा गावातलाच माणूस. तिथे पोहोचल्यावर काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्याला आधी सांगून ठेवायची पद्धत आपल्याकडे नाही. ती सुरू करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आपण पुण्याचे. बारामती-इंदापूर भागाचं आकाश आपल्याला नवं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदापूर तालुक्यातच रुईजवळ शिकाऊ विमान पडलं आणि चालवणारा तरुण जखमी झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये तर 19 तारखेला कटफळजवळ एक आणि 22 तारखेला गोजुबावीजवळ दुसरं, अशी एकाच संस्थेची दोन विमानं चार दिवसांत खाली आली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवावं लागलं. यातली बहुतेक मुलं-मुली विशीतली. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली. त्यांचं उड्डाण बंद व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. या देशाला वैमानिक हवेत आणि ते आपल्याच मातीवर शिकावेत, यासारखी चांगली गोष्ट नाही. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. 34 विमानं आणि वर्षाला 180 वैमानिक, असा तिचा आवाका जाहीर झाला आहे. शिरपूर, धुळे, बारामती, गोंदिया आणि आता अमरावती. म्हणजे ज्यांच्या डोक्यावरून रोज कुणीतरी नवशिका एकट्याने विमान नेतो आहे, अशा गावांची संख्या वाढत जाणार.

या गावांनी आजवर काय केलं आहे, ते एका प्रसंगातून सांगतो. 16 जुलै 2021. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डी शिवारात शिरपूरच्या संस्थेचं प्रशिक्षण विमान पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. गाडी जागेपर्यंत जाईल असा रस्ता नव्हता. पाड्यावरची आदिवासी माणसं धावली. एका भिल्ल बाईंनी अंगावरची साडी सोडून दिली, लोकांनी तिची झोळी केली, ती लाकडाला बांधली आणि मुलीला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. ती मुलगी वाचली. त्या बाईंचं पुढे कौतुकही झालं. पण मणक्याला मार लागला असण्याची शक्यता असलेल्या माणसाला उचलायचं कसं, मान कशी धरायची, हे त्या पाड्यावर कुणी आधी शिकवून ठेवलेलं असतं, तर तिथल्या माणुसकीला ज्ञानाचीही जोड मिळाली असती. आपण दरवेळी गावकऱ्यांचं धैर्य वाखाणतो आणि त्यांना काही न शिकवता पुढच्या अपघाताची वाट पाहतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं म्हणजे ते दगडासारखं खाली येतं, असा समज गावोगावी आहे. तसं होत नाही. सेसना 152 सारखं विमान इंजिन नसतानाही तरंगत पुढे जातं. उंचीच्या साधारण नऊपट अंतर ते कापू शकतं. म्हणजे 3000 फुटांवर इंजिन गेलं तर वैमानिकाच्या हाती सुमारे आठ किलोमीटरचा टापू आणि चार-साडेचार मिनिटं असतात. 1000 फुटांवर गेलं तर पावणेतीन किलोमीटर आणि जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात त्याने वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास धरून ठेवायचा, वारा कुठून येतो ते पाहायचं, उतरायला जागा निवडायची, इंजिन पुन्हा सुरू करून बघायचं, रेडिओवर संकट कळवायचं. जमीन जवळ आली की इंधन तोडायचं, इग्निशन बंद करायचं, आणि टेकण्याआधी दारं किंचित उघडून ठेवायची, कारण आपटल्यावर चौकट वाकली की दार अडकतं. हे सगळं त्यांना घोकून घेतलेलं असतं. तरीही माणसं जातात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे मागे धावपट्टीकडे वळायचा मोह. उड्डाणानंतर कमी उंचीवर इंजिन गेलं आणि वैमानिकाने विमान मागे वळवलं, तर वळणात वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि विमान एका अंगावर कलंडून खाली येतं. समोर जे आहे त्यातच उतरा, असं प्रशिक्षक जीव तोडून सांगतात. समोर असतं कुणाचं तरी वावर.

वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरण्यावर त्यांचा एवढा भर का, हेही सांगतो, कारण शेतकऱ्याला वारा कळतो. टेकताना हवेतला वेग 50 नॉट असेल आणि समोरून 10 नॉटचा वारा असेल, तर जमिनीला धरून वेग 40 राहतो. कमी झाला तो पाचवा हिस्सा, पण आपटण्याचा जोर कमी होतो तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, कारण जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. एवढ्या फरकावर कधी एखाद्याचा कणा वाचतो. 15 नोव्हेंबर 1993 ला इंडियन एअरलाइन्सचं केवढं मोठं एअरबस ए-300 इंधन संपल्यावर तिरुपतीजवळ भाताच्या शेतात उतरलं. आत 262 माणसं होती आणि एकही दगावलं नाही. शेतात उतरणं म्हणजे मरण नव्हे. उतरल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात काय होतं, त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. आणि तो अर्धा तास गावाच्या हातात असतो.

आता आमच्या गावाकडे येतो. चिंचणीत धावपट्टी नाही. दक्षिणेला खाडीपलीकडे तारापूर आणि अणुऊर्जा केंद्र, उत्तरेला वरोर, मग वाढवण, पुढे डहाणूचं औष्णिक वीज केंद्र आणि त्याची पावणेतीनशे मीटर उंच चिमणी. पूर्वेला वाणगाव स्टेशनापर्यंत वाड्या, भातखाचरं आणि मिरचीची लागवड. समजा या पट्ट्यावर एखाद्या छोट्या विमानाचं इंजिन गेलं. वरून पाहणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल आमचा किनारा. ओहोटीला वाळू इतकी घट्ट असते की मोटारसायकली सुसाट जातात. वैमानिकाला यापेक्षा चांगलं काय हवं? पण भरती असेल तर सुरूच्या बनापर्यंत पाणी येतं आणि ती पट्टी उरतच नाही. आणि ओहोटीची वेळ रविवारी संध्याकाळी आली, तर त्याच घट्ट वाळूवर बोईसर-पालघरहून आलेली कुटुंबं, घोडागाडी, भेळवाले आणि पाण्याच्या कडेला उकिडवी बसलेली पोरं असतात. इंजिन बंद असलेलं विमान आवाज करत नाही. पाठमोऱ्या माणसाला ते कळतच नाही.

किनारा सोडला तर भातखाचरं. ऑगस्टमध्ये चिखल. पुढचं छोटं चाक रुतलं की विमान नाकावर जाऊन उलटतं. कापणीनंतर जमीन कडक, पण मधे बांध. वरून बांध दिसतात ते निव्वळ रेघा म्हणून. टेकल्यावर प्रत्येक बांध चाकाला ठोकर देतो. चिकूच्या वाड्यांतली गर्द झाडं धोक्याची दिसतात, तरी दोन झाडांच्या मधून धड जाईल असं पाहून पंख झाडांवर सोडून देणं कधीकधी बरं, असं जाणते वैमानिक सांगतात. पंख तुटतात, पण धक्का ते खातात आणि माणसं बसलेला भाग वाचतो. मिरचीच्या शेतात तारा, खांब, जाळी. सगळ्यांत वाईट म्हणजे विजेच्या तारा. दोन-दोन वीज केंद्रांचा हा टापू, उच्चदाबाच्या वाहिन्या चारी दिशांना गेल्या आहेत. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. वैमानिकाला शिकवतात की खांब शोध आणि दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धर. आमच्या लोकांनाही तेच शिकवावं लागेल. विमान तारेला लागून पडलं असेल, तर महावितरणकडून वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत जवळ जायचं नाही, मग आतून हाका ऐकू येत असल्या तरी. हे सांगणं सोपं आहे, पाळणं फार कठीण. म्हणूनच ते आधी सांगून ठेवलेलं हवं.

आमच्या भागात डायमेकिंगचा धंदा जुना आहे. दागिन्यांचे डाय घरोघरी कोरले जातात. घरामागच्या पडवीत ग्राइंडर, कटर, ड्रिल, सगळं हाताशी असतं. गावातली ही मुलं हाताला फार तयार आहेत. अपघात रस्त्यावरचा असो की कंपनीतला, दार कापायचं म्हटलं की पाच मिनिटांत ग्राइंडर घेऊन हजर होतील. उद्या सेसना वावरात उलटलं आणि आत कुणी अडकलं, तर ते हेच करतील. आणि त्या विमानाचं इंधन कुठे असतं? वरच्या पंखांत, माणसांच्या डोक्यावर, टाक्या भरलेल्या असल्या तर सुमारे 100 लिटर. रंगाने निळसर, जातीने पेट्रोलच. पंख फुटला की ते थेंबथेंब केबिनवर आणि आजूबाजूच्या गवतावर झिरपतं. तिथे ग्राइंडरची एक ठिणगी पडली, तर आतला माणूसही जाईल आणि कापणाराही. अशा वेळी करवत, पहार, पोपटपाना आणि काच फोडायला दगड बरा. पहिल्या मिनिटापासून कुणी बिडी पेटवू नये, मोटारसायकल शेजारी आणून उभी करू नये. शेतातला वाळलेला पेंढा जेवढा बाजूला ओढता येईल तेवढा ओढावा. वाळू आणि माती भरून घमेली तयार ठेवावीत.

विमान उलटं पडलं असेल तर आतला माणूस पट्ट्यात डोकं खाली करून लोंबकळत असतो. घाईघाईने पट्टा सोडला किंवा कापला, की तो सगळ्या वजनानिशी मानेवर पडतो. आपटूनही वाचलेला माणूस बाहेर काढताना अपंग व्हावा, यापरतं दुर्दैव नाही. आधी दोघांनी त्याच्या खांद्यांना आणि कमरेला खालून आधार द्यायचा, मगच पट्टा सोडायचा. आग नसेल आणि इंधन गळत नसेल, तर त्याला ओढून काढूच नये, बोलतं ठेवावं आणि 108 ची वाट पाहावी. एवढी चार वाक्यं मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला किती खर्च येईल?

पंख्याबद्दलही सांगायला हवं. विमानाच्या पुढचा पंखा थांबलेला दिसला की पोरं तो हाताने फिरवून बघतात, त्याला टेकून फोटो काढतात. या इंजिनांची ठिणगी बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटोवर चालते. वैमानिकाला तो बंद करायला वेळ मिळाला नसेल, तर हाताने फिरवलेला पंखा एकदम उसळू शकतो आणि हात तोडू शकतो. काही नव्या विमानांत तर संपूर्ण विमानाला खाली उतरवणारी हवाई छत्री असते आणि ती रॉकेटने उडते. अपघातात ती उडाली नसेल, तर ते रॉकेट भरलेल्या बंदुकीसारखं तिथेच असतं. तशी सूचना विमानाच्या अंगावर चिकटवलेली असते, इंग्रजीत.

हेलिकॉप्टरचा धडा तर कोकणकिनाऱ्याने फार महागात घेतला आहे. 10 मार्च 2018 ला तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरला मुरूडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर उतरावं लागलं. चालक चमूत असिस्टंट कमांडंट पेनी चौधरी होत्या. हेलिकॉप्टर आदळलं, त्यातून त्या बाहेर पडल्या, आणि फिरत्या पात्याचा फटका त्यांच्या डोक्याला बसला. 27 मार्चला त्या गेल्या. एवढं प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत हे घडू शकतं, तर मदतीला धावत येणाऱ्या कोळ्याला कोण सावध करणार? पातं पूर्ण थांबेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही, ही गोष्ट या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक हवी, कारण जुहूहून तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरं याच समुद्रावर उडतात.

13 जानेवारी 2018 हा दिवस डहाणू तालुका विसरलेला नाही. त्या दिवशी जुहूहून ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक घेऊन निघालेलं पवनहंसचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. सातही गेले. त्याच दिवशी डहाणूच्या पारनाक्यासमोर सुमारे 40 विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. बाकीची मुलं जिवंत किनाऱ्याला लागली, त्यात आमच्या मच्छीमारांचा वाटा मोठा होता. ते कुणाच्या आदेशाची वाट पाहत थांबले नव्हते. वरोर, धाकटी डहाणू, वाढवण, सातपाटी इथल्या बोटी रोज समुद्रात असतात. तटरक्षक दलाचं जहाज येईपर्यंत पाण्यात पडलेल्याला हात देणारं जवळ कोण असणार, तर ही माणसं. तरीही या बोटींच्या तांडेलांना पाण्यात पडलेल्या विमानाजवळ कसं जायचं, इंधनाचा तवंग असेल तर बोटीचं इंजिन कुठे बंद करायचं, हे शिकवणारा वर्ग मी या किनाऱ्यावर पाहिलेला नाही. केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे, चांगली आहे. तिच्यात हा एक दिवसाचा पाठ घालायला नवा कायदा लागत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर गावकऱ्याच्या मनातली एक भीतीही आपल्यासमोर ठेवतो. 'विमानाला हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील.' मी हे अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, शिकलेल्यांच्याही. वास्तविक अपघात तपासाच्या नियमांत स्पष्ट आहे की अवशेष हलवू नयेत, पण माणसं आणि जनावरं बाहेर काढण्यासाठी, आगीपासून नाश टाळण्यासाठी आणि लोकांना होणारा धोका दूर करण्यासाठी हात लावायला मुभा आहे. म्हणजे जीव वाचवणाऱ्याच्या पाठीशी नियम उभा आहे. हे पोलीस पाटलाला माहीत हवं, सरपंचाला माहीत हवं. तसंच उरलेल्या अवशेषांतला एखादा तुकडा आठवण म्हणून घरी नेणं किती घातक, हेही माहीत हवं. तपासणाऱ्याला कधी एका छोट्या नळीवरून, एका स्विचच्या स्थितीवरून कारण सापडतं. ती नळी कुणाच्या कपाटात गेली, तर पुढच्या विमानातल्या पोराचा जीव आपण धोक्यात घातला.

मग शेतकरी. विमान ज्याच्या वावरात पडतं, त्याचं पुढचे काही दिवस काय होतं? शेत अडवलं जातं, पोलीस बसतात, तपास पथक येईपर्यंत आत जाता येत नाही. कापणीचे दिवस असतील तर उभं पीक उभंच राहतं. बघ्यांची गर्दी बांध तुडवते, क्रेन आणि ट्रक जमीन दाबतात, पेट्रोल मातीत मुरतं. ज्या इंधनावर ही जुन्या बनावटीची विमानं चालतात त्यात अजूनही शिसं असतं, हे लोकांना माहीत नाही. विहिरीजवळ ते सांडलं तर पाणी तपासायला कुणी सांगत नाही. पंचनामा तलाठी करतो, पण तो गारपिटीचा आणि अतिवृष्टीचा जाणकार. विमानाने झालेलं नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं? भरपाई मागायची कुणाकडे? संस्थेकडे, विमा कंपनीकडे, की जिल्हाधिकाऱ्यांकडे? माझी मागणी साधी आहे. ज्या संस्थेला आपलं महासंचालनालय उड्डाण शिकवायची परवानगी देतं, तिने आपल्या प्रशिक्षण क्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला विमा कंपनीचं नाव, संपर्काचा माणूस आणि दाव्याचा मराठी नमुना आधीच देऊन ठेवावा. तुडवलेलं पीक, अडलेली कापणी आणि बिघडलेली माती, तिन्ही त्यात धरावीत. परवान्याची ती अट असावी.

आणि अहवाल. 12 जून 2025 ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, 260 माणसं गेली, त्यातली 19 जमिनीवरची. एका महिन्यात प्राथमिक अहवाल आला आणि सगळ्या देशाने त्याची ओळ न् ओळ वाचली. ते योग्यच झालं. पण छोट्या विमानाच्या अहवालाची वाट कोण पाहतं? विमान अपघात अन्वेषण विभागाचे अंतिम अहवाल संकेतस्थळावर येतात, इंग्रजीत, तांत्रिक भाषेत. आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की शक्यतो 12 महिन्यांत अंतिम अहवाल द्यावा, नाहीतर दरवर्षी त्या तारखेला तपास कुठवर आला ते जाहीर करावं. कडबनवाडीच्या, रुईच्या, वर्डीच्या माणसाला आपल्या शिवारात विमान का पडलं, हे कळण्याचा हक्क आहे. इंधन संपलं, इंजिनात बिघाड होता, देखभालीत कसूर झाली, की शिकणाऱ्याची चूक झाली? त्याला हे कुणी सांगत नाही, म्हणून तो अंदाज बांधतो, आणि अंदाजात नेहमी बिचाऱ्या शिकाऊ पोराचा किंवा पोरीचा दोष निघतो. मुलगी असली तर विचारूच नका. कडबनवाडीच्या त्या मुलीने इंजिनाची साथ सुटलेल्या अवस्थेत विमान खाली आणलं असेल, तर ती पाठ थोपटण्यालायक आहे, आणि चूक तिची असेल तर तिच्यासारख्या शंभर मुलींना ती कळायला हवी. दोन्ही बाजूंनी सत्य हवं. दोन पानांचा मराठी सारांश, त्या ग्रामपंचायतीच्या नावाने, ग्रामसभेत वाचण्यासाठी, एवढं केलं तरी पुष्कळ.

छोटी विमानं शहरातही पडतात. 28 जून 2018 ला घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये बांधकामाच्या जागी किंग एअर विमान कोसळलं. आतले चार आणि रस्त्यावरून जाणारा एक, असे पाच गेले. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी जुहूहून निघालेलं ते विमान होतं. पावसाळ्याच्या दिवसांत, दाट वस्तीवर. पण मुंबईत अग्निशमन दल काही मिनिटांत येतं. चिंचणीला सगळ्यांत जवळचे बंब तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले. ते रसायनांच्या आगीला सरावलेले आहेत, फेस मारायची साधनं त्यांच्याकडे असतात. विमानाच्या अपघातात त्यांना कुणी, कोणत्या क्रमांकावरून बोलवायचं, हे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात ठळक लिहून घ्यावं, असं पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपण कळवावं.

हे आत्ताच का मागतो आहे, तेही सांगतो. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांनी पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन केलं. बंदरावरून इथल्या मच्छीमारांच्या आणि बागायतदारांच्या मनात काय आहे, ते आपल्याला ठाऊक असेल, त्याची चर्चा इथे करत नाही. बंदराच्या जोडीला विमानतळही होणार, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आहे. याच जिल्ह्यात कॅप्टन अमोल यादव यांच्या विमान निर्मितीसाठी 157 एकर जागेचा करार 2018 मध्ये झाला होता. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर स्वतः विमान बांधणाऱ्या त्या माणसाचा इथल्या मुलांना केवढा अभिमान वाटला होता! थोडक्यात, विमानं या आकाशात येणार. विमानतळाचा आराखडा दिल्लीत कागदावर असतानाच त्यात धावपट्टीच्या दोन्ही टोकांना येणाऱ्या गावांचं आणि बोटींचं प्रशिक्षण लिहिलं गेलं, तर त्याला पैसा मिळेल. विमानतळ झाल्यावर मागितलं तर 'तरतूद नाही' असं उत्तर येईल. सरकारी कामाचा एवढा अनुभव आम्हाला आहे.

मसुदा लिहायचं काम आम्ही करू शकतो. शाळेतले विज्ञान शिक्षक आहेत, डायमेकर आहेत, तांडेल आहेत, अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ गावात राहतात. तो तपासून द्यायला आणि त्यावर महासंचालनालयाचा शिक्का मारायला मात्र आपलं खातं हवं. आमच्याकडून तो कागद डिसेंबरअखेर आपल्या कार्यालयात पोहोचेल. दुरुस्त्यांसह तो परत मिळाला, तर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचायला घेऊ. वरोर आणि वाणगावलाही प्रती देऊ, आणि एक प्रत कडबनवाडीच्या ग्रामपंचायतीला टपालाने पाठवू.

आपला,
चिंचणीचा एक रहिवासी